आय-९४ ची तारीख जवळ आली आणि बायकोचं मनगट मोडलं: अमेरिकेतला मुक्काम वाढवायचा अर्ज

पाटकरी
नमस्कार मंडळी. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, बायको निवृत्त शिक्षिका. सध्या दोघंही नॉर्थ कॅरोलायनात मुलीकडे आहोत, पर्यटकांच्या बी-२ व्हिसावर. २५ मे रोजी उतरलो. परतीचं तिकीट २ नोव्हेंबरचं. आय-९४ वर, म्हणजे इथे शिरताना होते त्या मुक्कामाच्या नोंदीत, 'या तारखेपर्यंत' म्हणून २४ नोव्हेंबर आहे. इथपर्यंत सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं.

५ ऑक्टोबरला सकाळी ही मागच्या डेकच्या पायऱ्या उतरताना ओल्या पानांवरून घसरली. पानगळ बघायला इथले लोक गाड्या काढून डोंगरात जातात, आमच्याकडे ती पायरीवरच आली. उजवं मनगट मोडलं. सर्जनने आत धातूची प्लेट बसवली, वरून पक्कं बांधलंय, फक्त बोटांची टोकं बाहेर. सहा आठवड्यांनी एक्स-रे, मग फिजिओथेरपी, आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा बघून मगच मोकळं करणार म्हणतात. म्हणजे जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा.

आता प्रश्न. मुलगी म्हणते मुक्काम वाढवण्याचा अर्ज करायलाच हवा. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, तुमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे, कशाला भानगडीत पडता? मला दोघांपैकी कोण बरोबर ते कळत नाही, पण मुलगी घरात राहते, त्यामुळे तिचं आधी ऐकावं लागतं.

अर्ज करायचाच असेल तर दोघांचा एक की दोन? सहा महिने मागावेत की कमी? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिची सही कशी घ्यायची? उजवा हात बांधलेला आहे. अंगठा चालतो का, असं मी सहज विचारलं, तर घरात जे काही झालं ते इथे लिहीत नाही. हिने नोकरीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतलेले आहेत. बायकांना अंगठ्यावरून सहीवर आणलं आणि आता अमेरिकेत येऊन मी अंगठा उठवू का, असा सवाल आहे.

जाणकारांनी सांगावं.

बिनधास्त_बंड्या
काका, टेन्शन घेऊ नका. आमच्या ओळखीत एक जोडपं आठ-नऊ महिने राहून गेलं, कोणी विचारलं पण नाही. इथून बाहेर पडताना इमिग्रेशनचा शिक्काच नसतो! व्हिसा व्हॅलिड आहे ना, मग झालं. आणि अगदीच वाटत असेल तर एक वीकेंड मेक्सिकोला जाऊन या, परत येताना नवीन सहा महिने मिळतात. मावशींना लवकर बरं वाटो.

सुमामावशी
बंड्या, तुझ्या ओळखीतल्या जोडप्याला पुढच्या खेपेला व्हिसाच्या खिडकीत काय विचारलं गेलं, तेही कळलं की लिही.

पाटकरी, मी बँकेत हयात घालवली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे येऊन जाऊन असते. ह्यांच्या आजारपणात हाच अर्ज आम्ही केलेला आहे, म्हणून जरा लांबण लावते. मुलगी बरोबर आहे.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. तो दहा वर्षांचा असतो म्हणून दहा वर्षं राहता येत नाही. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे सीमा आणि कस्टम्स खात्याचा, अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ मध्ये नोंदलं जातं. पर्यटकाला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. तुमच्यासाठी तारीख एकच: २४ नोव्हेंबर. पासपोर्टवरचा शिक्का आणि सीबीपीच्या आय-९४ वेबसाइटवरची नोंद दोन्ही जुळतात ना ते बघून घ्या, आणि त्या पानाची छापील प्रत आजच काढून ठेवा.

ती तारीख अर्ज न करता ओलांडली तर कायद्याने तो व्हिसा आपोआप रद्द ठरतो, एक दिवस जरी झाला तरी. नवा घ्यायचा तर मायदेशातूनच, सगळं पहिल्यापासून. त्यापुढे १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर ३ वर्षं प्रवेशबंदी, आणि एक वर्ष किंवा जास्त झालं तर १० वर्षं. १९९६ च्या कायद्यापासून हे असंच आहे. शिक्का नसतो हे बंड्याचं खरं आहे, पण विमान कंपनी प्रवाशांची यादी देते आणि तुम्ही कधी निघालात ते त्यातून नोंदलं जातं. त्याच वेबसाइटवर तुमचा ये-जा इतिहास तुम्हालाही दिसतो. बघा एकदा, थक्क व्हाल.

मेक्सिकोची युक्ती जुनी आहे. परत येताना नवे सहा महिने द्यायचे की उरलेले दिवसच द्यायचे की आणखी काही, हे सगळं समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात. मनगटात ताजी प्लेट असलेल्या बाईला घेऊन सीमेवर नशीब आजमावायला जाऊ नका, एवढंच म्हणते.

आता अर्ज. फॉर्म आय-५३९, यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याकडे. आय-९४ संपायच्या आत त्यांच्याकडे पोचलेला असला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी करा असं ते सुचवतात, पण ती सूचना आहे, अट नाही. तुमची ४५ दिवसांची वेळ टळत आलीय, त्याची काळजी नको. या आठवड्यात करून टाका.

पती-पत्नी एकाच अर्जात बसतात. एक मुख्य अर्जदार, दुसऱ्यासाठी आय-५३९ए ही पुरवणी, फी एकच. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन केलं तर ४२० डॉलर, कागदी केलं तर ४७०. भरायच्या दिवशी त्यांच्या पानावर फी पुन्हा बघायची, ही माझी बँकेतली सवय. बोटांच्या ठशांचे वेगळे ८५ डॉलर पूर्वी लागायचे, ते आता नाहीत. तुमच्या बाबतीत मुख्य अर्जदार वहिनी असाव्यात असं माझं मत. कारण त्यांचं आहे, तुम्ही सोबतीला आहात.

सहीचं: कागदी अर्जावर सही शाईने हवी, पण ती वाचता यायला हवी किंवा नेहमीसारखीच हवी असं काही नाही. डाव्या हाताने जमेल तशी केली तरी चालते. लिहिताच येत नसेल त्याला फुली किंवा अंगठा चालतो. ऑनलाइन केलात तर सही म्हणजे आपलं नाव टाइप करणं. बाईंना सांगा, डाव्या हाताची तर्जनी पुरते.

सहा महिने मागावेत का? इथे माझं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. सगळे म्हणतात, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मागता येतात तर सहाच मागा, फी तेवढीच. मी म्हणते, डॉक्टरच्या पत्रात जे आहे त्यावर दोन-तीन आठवडे धरा आणि तिथे थांबा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर मोकळं करणार ना? मग ३१ जानेवारी मागा. अर्ज वाचणाऱ्याला तारीख आणि कारण एकमेकांना धरून दिसले पाहिजेत. हात मोडलाय आणि मुक्काम मेपर्यंत हवाय, हे मलाच पटत नाही, त्याला कसं पटेल?

आणि एक टोचणारा प्रश्न विचारते, कारण अर्ज बघणाराही विचारेल. सहा आठवडे १८ नोव्हेंबरच्या आसपास पूर्ण होतात. आय-९४ २४ ला संपतो. मधल्या दिवसांत व्हीलचेअर घेऊन घरी का जात नाही? याचं उत्तर तुमच्याकडे असेलच, पण ते डॉक्टरच्या पत्रात असलं पाहिजे, तुमच्या मनात नाही.

पाटकरी
सुमाताई, आभार. इतकं मुद्देसूद टिपण मी आमच्या अधीक्षक अभियंत्यांकडूनही कधी वाचलं नव्हतं.

तुमच्या टोचणाऱ्या प्रश्नाचं उत्तर: मी सर्जनना हेच विचारलं. ते म्हणाले, विमानात बसता येईल, त्याला माझी ना नाही. पण ज्याने प्लेट बसवली त्याने हाड जुळलेलं बघावं, आणि मनगट वळवायचे व्यायाम मधे तुटले तर हात आखडतो. हिचं वय आणि हाडांची ठिसूळता धरून ते तीन महिने म्हणतात. हे सगळं त्यांच्या लेटरहेडवर मागितलंय. निदान, शस्त्रक्रियेची तारीख, पुढच्या तपासण्यांच्या तारखा, आणि प्रवासाला कधी मोकळीक, असे चार मुद्दे त्यात यायला हवेत असं मुलीने त्यांच्या ऑफिसला कळवलंय.

कारणांचं पत्र मी काल रात्री बसून लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' या चालीवर इंग्रजीत तीन पानं झाली. मुलीने वाचलं आणि म्हणाली, बाबा, हे कालव्याला वाढीव निधी मागितल्यासारखं वाटतंय.

त्यात मी असंही एक वाक्य घातलं होतं की मुलीच्या लहान बाळाला आमची मदत होते. ते ठेवू का? आणि घर, पेन्शन, शेत यांची कागदपत्रं जोडावीत का? सातबारा मराठीत आहे.

सुमामावशी
एक पान. जास्तीत जास्त सव्वा.

फॉर्ममध्येच ते तीन गोष्टी विचारतात: का वाढवायचाय, मुक्काम तात्पुरताच कशावरून आणि परत जायची काय व्यवस्था केलीय, आणि लांबल्यामुळे तिकडच्या नोकरीवर किंवा घरावर काय परिणाम होतो. पत्राने या तिघांना उत्तर द्यायचं आणि खाली सही. 'सविनय सादर' काढून टाका, अमेरिकेत विनय वेगळ्या रकान्यात भरत नाहीत.

बाळाचं वाक्य काढा. खोटं लिहायला सांगत नाहीये. नातवंडाला खेळवण्यात गैर काहीच नाही. पण तुमच्या मुक्काम वाढवण्याचं कारण ते नाही, कारण मनगट आहे. ते वाक्य वाचून उगाच शंका येते की ही मंडळी पाहुणी आहेत की बाळ सांभाळायला बिनपगारी ठेवलीत. जे कारण आहे तेवढंच लिहा.

परतीचं तिकीट २ नोव्हेंबरवरून पुढे ढकला, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं घ्या आणि त्याची प्रत जोडा. याच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही. पेन्शनचा आदेश, घराची कागदपत्रं जोडायला हरकत नाही. सातबाऱ्याला मात्र इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे' असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. मुलीऐवजी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेलं बरं दिसतं. 'पोटखराबा' या शब्दापाशी त्या माणसाची दया येईल, पण इलाज नाही. नाहीतर सरळ पेन्शन आणि घर एवढ्यावर थांबा, सातबाऱ्यावाचून अर्ज अडत नाही.

खर्चाचं: तुमचं इथलं राहणं कोण बघतंय ते दाखवायचं. मुलीचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, आणि हवं तर तिचा फॉर्म आय-१३४, म्हणजे 'यांचा खर्च मी बघते' असं निवेदन. फॉर्म भरून मुलगीच देणार असेल तर 'तयार करणारी' म्हणून तिचं नाव आणि सही त्या रकान्यात गेली पाहिजे. लोक हे सर्रास गाळतात.

पासपोर्टची मुदत बघा. अर्ज करताना तो चालू असायलाच हवा आणि ३१ जानेवारीच्याही बराच पुढे असला तर उत्तम.

त्रिकोणी_उद्यान
मी याच राज्यात राहतो. काका, एक वेगळी गोष्ट, आणि ही अर्जाइतकीच तातडीची आहे. मावशींचा प्रवासी विमा कधी संपतो? बहुतेकांचा परतीच्या तिकिटाच्या तारखेला संपतो. तो संपायच्या आत वाढवून घ्या, हीच पॉलिसी. संपू दिलीत आणि नंतर नवीन काढलीत, तर नव्या पॉलिसीच्या दृष्टीने मोडलेलं मनगट हा आधीपासूनचा आजार होतो आणि फिजिओथेरपीचं बिल तुमच्या मुलीच्या माथी. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी आम्ही दोन दिवस राहिले असताना वाढवली होती.

वाढवण्याआधी पॉलिसीचं पुस्तक उघडून दोन शब्द शोधा: एका दुखापतीसाठी किती दिवसांपर्यंत खर्च देतात, आणि फिजिओथेरपीला रोजची काही मर्यादा आहे का. काही पॉलिसींमध्ये ठरावीक रकमा असतात, त्या इथल्या बिलांपुढे अगदीच किरकोळ. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते आधी कळलेलं बरं.

पाटकरी
बरोब्बर २ नोव्हेंबरला संपतोय. मुलीने तुमचं वाचून लगेच फोन लावला. त्याच पॉलिसीत ३१ जानेवारीपर्यंत वाढ मिळाली. ही म्हणते त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

ताळेबंद
सगळे इमिग्रेशनचं बोलतायत, मी कराचं बोलतो. माझा धंदाच तो आहे, पण हा सल्ला नव्हे, दिशा समजा.

अमेरिकेचं आयकर खातं व्हिसा बघत नाही, दिवस मोजतं. या वर्षातले सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एकतृतीयांश, अधिक त्याआधीच्या वर्षाचा एकषष्ठांश. बेरीज १८३ झाली, आणि या वर्षातले निदान ३१ दिवस असले, की करापुरते तुम्ही अमेरिकेचे रहिवासी. मग जगभरचं उत्पन्न दाखवा, त्यात पेन्शन आली, ठेवींचं व्याज आलं.

मागच्या दोन वर्षांत तुम्ही आला नव्हतात असं धरतो. २५ मे ते २ नोव्हेंबर १६२ दिवस होतात, म्हणजे मूळ बेतात काही प्रश्न नव्हता. आता ३१ डिसेंबरपर्यंत २२१ होतात.

काकूंना यातून वाट आहे. इथे असताना उद्भवलेल्या दुखण्यामुळे ज्या दिवशी निघता आलं नाही, ते दिवस मोजणीतून वगळतात. त्यासाठी फॉर्म ८८४३, त्यात डॉक्टरचं निवेदन लागतं. २ नोव्हेंबरचं मूळ तिकीट होतं हा तुमचा भक्कम पुरावा. म्हणून ते जुनं तिकीट फेकू नका. आणि पत्र मागतच आहात तर सर्जनकडून तेही आत्ताच भरून घ्या, एप्रिलमध्ये मायदेशातून त्यांच्या ऑफिसला फोन लावत बसण्यापेक्षा.

पण ही सूट जिचं दुखणं तिलाच. सोबतीला राहिलेल्या नवऱ्याला नाही. तुमचे २२१ मोजले जाणार. 'माझे लागेबांधे दुसऱ्या देशात आहेत' असं सांगणारा एक फॉर्म आहे, ८८४०, पण तो त्याच वर्षात १८३ च्या खाली असणाऱ्यांसाठी. तुम्ही त्यात बसत नाही. उरतो भारत-अमेरिका कर-करार. त्यात दोन्हीकडे रहिवासी ठरणाऱ्याचं कायमचं घर कुठे आहे ते आधी बघतात, आणि तुमचं ते तिकडेच आहे. तो आधार घ्यायचा तर १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरणपत्र भरायचं आणि त्याला कराराचा आधार घेतोय असं सांगणारा ८८३३ जोडायचा. कर बहुधा शून्य निघेल, पण कागद भरावे लागतात. हे एखाद्या सीपीएकडून (आपल्याकडच्या सीएसारखा इथला माणूस) करून घ्या, आणि तिकडच्या बँक खात्यांची माहिती इथे कळवावी लागते का हे त्यांना आवर्जून, वेगळं विचारा. करारात बसलात म्हणून तो प्रश्न आपोआप मिटत नाही.

पाटकरी
हे ऐकून मी घरात जाहीर केलं की मी २२ नोव्हेंबरच्या आत एकटा परत जातो, म्हणजे १८२ वर थांबेन. हिने डाव्या हाताने दरवाजाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, वेणी कोण घालणार? गेले दहा दिवस मी वेणी घालायला शिकतोय. तीन पेड कसे सांभाळायचे ते अजून जमत नाही, पण पाटाची विभागणी केलेल्या माणसाला जमायला हरकत नाही. तर मी राहतोय, आणि फॉर्म भरतोय.

अर्ज आज ऑनलाइन गेला. ही मुख्य अर्जदार, मी पुरवणीत. हिने चष्मा लावून डाव्या तर्जनीने स्वतःचं नाव टाइप केलं, स्पेलिंग तीनदा तपासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, झाली सही. पावती लगेच आली, क्रमांक आयओईने सुरू होतो.

आता पुढे काय? ठसे द्यायला बोलावलं तर बोटं सुजलेली आहेत. आणि २४ नोव्हेंबर उलटली आणि उत्तर आलंच नाही तर आम्ही कायदेशीर की बेकायदेशीर?

सुमामावशी
मधल्या अवस्थेत. वेळेत केलेला, खरा अर्ज प्रलंबित असेपर्यंत तुमचे दिवस बेकायदा मोजत नाहीत. निर्णयाला अनेक महिने लागू शकतात, मागितलेली तारीख उलटून गेल्यावर 'मंजूर' असं पत्र आलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून मी कमी मागा म्हणते: निर्णय येवो न येवो, ३१ जानेवारीच्या आत विमानात बसायचं. जी तारीख तुम्ही स्वतः मागितलीत तिच्यापुढे जायचं नाही. त्याआधी नकार आलाच तर 'अजून तीन आठवडे आहेत' असा हिशेब करायचा नाही. नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस चढायला लागतात, तेव्हा लगेच वकिलाला दाखवा आणि पहिल्या विमानाने निघा.

ठशांचं बोलावणं आलं तर तारीख बदलून मागता येते, पण सबळ कारणासह आणि ठरलेल्या वेळेच्या आधी. त्यांच्या ऑनलाइन खात्यातूनच होतं. न सांगता गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात. व्हिसाच्या वेळचे ठसेच पुन्हा वापरले असं पत्र येण्याचाही संभव आहे, आमच्या वेळी तसंच झालं.

परत गेल्यावर एक फाइल करा: अर्जाची पावती, डॉक्टरचं पत्र, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा तिकडच्या प्रवेशाचा शिक्का. पुढच्या खेपेला विमानतळावर अधिकाऱ्याने 'मागच्या वेळी सहा महिन्यांहून जास्त का राहिलात' विचारलं की फाइल पुढे करायची, भाषण करायचं नाही. आणि लगेच पुढच्या उन्हाळ्यात येऊ नका. किती दिवसांनी यावं असा नियम नाही, लोक सांगतात ते 'जेवढे राहिलात तेवढे बाहेर' हे कुठेही लिहिलेलं नाही. पण वर्षातला मोठा भाग इथेच काढणारा माणूस पर्यटक वाटत नाही, आणि आत सोडायचं की नाही हे त्याच माणसाच्या हातात असतं.

पाटकरी
समजलं. शेवटचे दोन प्रश्न, मग तुम्हाला मोकळं करतो.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनीचा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी बँकेत जाऊन रांगेत 'मी जिवंत आहे' असं सांगून येतो. यंदा इथून काय करू? आणि दुसरा हिचा प्रश्न: विमानतळावर तपासणीत हातातली प्लेट वाजेल का?

सुमामावशी
भारतीय दूतावासात स्वतः जायचं, पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद घेऊन. तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीचा हयातीचा दाखला मिळतो. नॉर्थ कॅरोलायनाला वॉशिंग्टनचा दूतावास लागतो. जायच्या आधी वेळ घ्यावी लागते का ते त्यांच्या पानावर बघा. त्याहीआधी तुमच्या बँकेच्या शाखेला ईमेल करून विचारा की त्यांना कोणता नमुना चालतो, कारण राज्य सरकारच्या पेन्शनला काही शाखा आपलाच छापील नमुना मागतात. तो मागवून घ्या आणि त्यावरच सही-शिक्का आणा. वहिनींनाही पेन्शन आहे, म्हणजे दोघांनाही जावं लागेल. मुलीला सांगा, एक्स-रेच्या तारखेला धरून त्या आठवड्यात नेऊ नकोस.

प्लेटचं त्रिकोणी_उद्यानला विचारा, त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्यात आख्खा सांधा आहे.

त्रिकोणी_उद्यान
सासूबाई तपासणीच्या आधीच सांगतात, आत धातू आहे म्हणून. मग मशीन वाजलं तर हाताने तपासतात, दोन मिनिटांचं काम. मनगटाच्या पट्टीला हात लावण्याआधी 'दुखतंय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते सवयीने जोरात चाचपतात. बांगड्या मात्र घरीच काढून ठेवा, मावशींच्या डाव्या हातातल्याही.

पाटकरी
डाव्या हातातल्या निघत नाहीत, साबण लावून बघितला. बघू, जानेवारीला वेळ आहे. वेळ ठरवायला दूतावासाचं पान उघडलंय.